आपलं अंगण : वुजूच्या पाण्यावरची भेंडी

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की वाफे तयार आहेत, बी भिजत घातलं आहे आणि पुढचं अल्लाहच्या हवाली. त्यानंतर बऱ्याच भगिनींनी विचारलं, ‘उगवलं का? किती उगवलं? परभणीच्या उन्हात टिकलं का?’ हा लेख लिहितो आहोत तो एप्रिलचा दुसरा आठवडा. भेंडी लागली आहे, दोडके वेलावर लोंबताहेत, मोगरा फुललाय. काकडी मात्र गेली, टोमॅटोनेही निराश केलं. मध्ये एक गोष्ट अशी घडली की आमच्या अंगणाचा सगळा हिशेबच बदलला. तीही सांगायची आहे.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात ओळख. आम्ही दोघी जावा. परभणी शहरातल्या जुन्या वस्तीत आमचं घर. घरामागे वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद अंगण, पश्चिमेच्या भिंतीलगत कडुलिंब, एका कोपऱ्यात मोरी आणि तिच्याशेजारी पाण्याची दोन टिपाडं. अंगण पूर्वी अब्बांचं, म्हणजे आमच्या सासऱ्यांचं होतं. ते गेल्यावर तीन वर्षं तिथे फक्त कपडे वाळत होते. मोगऱ्याचं एक झाड आणि मेंदीचं कुंपण तेवढं तग धरून राहिलं होतं.

परभणीची भेंडी परभणीत

गेल्या वर्षी आमची भेंडी पूर्ण फसली होती. दुकानातून एक रंगीत पाकीट आणलं, पेरलं, रोपं छान आली. पण फुलं यायच्या सुमारास पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या. आठ दिवसांत सगळ्या पानांवर पिवळी जाळी उमटली, आणि लागलेल्या चार-सहा भेंड्याही पिवळट आणि कडक निघाल्या. हा विषाणूचा रोग, आणि त्याला ‘पिवळा शिरा’ किंवा ‘केवडा’ म्हणतात. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. एकदा झाडाला लागला की त्याच्यावर औषध नाही, झाड उपटून टाकणं एवढाच उपाय.

या रोगाला तोंड देणारं एक नामांकित वाण आमच्याच गावात जन्माला आलं आहे आणि ते आमच्याच अंगणात नव्हतं, याचं नंतर हसू आलं. १८ मे १९७२ रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून त्याचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ ही भेंडी तयार केली. नेहमीच्या भेंडीचा तिच्या एका जंगली बहिणीशी संकर केला, जंगली भेंडीचा काटकपणा आणि घरच्या भेंडीची चव एकत्र आणली, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांतून निवड करत हे वाण पक्कं केलं. देशभरातल्या शेतकऱ्यांनी ते लावलं. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असं आपल्या गावाला चिडवणाऱ्यांना ही भेंडी खाऊ घालावी!

अर्थात जुने शेतकरी सांगतात की या वाणात रोगाला अडवण्याची पूर्वीएवढी ताकद आता उरलेली नाही. विषाणूही बदलत असतो. म्हणून नुसत्या वाणाच्या भरवशावर न राहता आम्ही तीन गोष्टी केल्या. बी रात्रभर पाण्यात भिजवून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लावलं. दोन झाडांत एक वीत आणि दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवलं, म्हणजे हवा खेळती राहते. आणि निंबोळीचा अर्क दर दहा दिवसांनी फवारला. वाळलेल्या निंबोळ्या कुटून ५० ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, त्यात चमचाभर साबणाचं पाणी घालायचं आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारायचं. माशी पानाच्या खालीच बसते. शिवाय पुठ्ठ्याला पिवळा रंग देऊन त्यावर एरंडेल चोपडलं आणि काठीला बांधून वाफ्यात उभं केलं. पिवळ्या रंगाकडे माशा येतात आणि चिकटतात. घरातल्या पोरांना हे फार आवडलं. रोज सकाळी किती माशा अडकल्या ते मोजायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलं.

बावीस झाडांपैकी दोन पिवळी पडली, ती लगेच उपटली. वीस झाडं आज निरोगी आहेत. ईदच्या तिसऱ्या दिवशी पहिली पावशेर भेंडी निघाली.

मगरिबला उमलणारी फुलं

दोडक्याची गंमत वेगळी. भेंडीचं फूल सकाळी उमलतं, दोडक्याचं मात्र संध्याकाळी. दिवसभर कळी घट्ट मिटलेली असते आणि ऊन उतरलं की पिवळीधमक पाकळी उलगडू लागते. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आमचे वेल फुलावर आले. इफ्तारची तयारी करताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहावं तर वेलावर एकेक दिवा लागावा तशी फुलं उघडत असायची.

पहिले चार-पाच दिवस फुलं आली आणि गळून पडली. आमची थोरली मुलगी रडवेली झाली. पण त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. दोडका, दुधी, कारलं, काकडी यांच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी असतात, आणि आधी नर फुलं येतात. मादी फूल ओळखायची खूण सोपी: फुलाच्या मागे देठाशी बोटाच्या पेराएवढा चिमुकला दोडका दिसतो. नर फुलामागे नुसता देठ असतो.

शहरातल्या बंदिस्त अंगणात मधमाश्या कमी येतात, संध्याकाळी तर आणखी कमी. मग फळ धरायचं कसं? नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवायचा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. आमच्याकडे इफ्तार होऊन मगरिबची नमाज झाली की पोरं टॉर्च घेऊन अंगणात पळायची. हातात नर फूल, तोंडात खजूर. ज्या फुलाला पराग लावला त्याच्या देठाला दोरा बांधायचा. सोळा दोऱ्यांपैकी अकरा दोडके धरले. लहान फळाला फळमाशी डंख मारते आणि मग ते वाकडं होऊन सडतं. म्हणून फळ बोटभर झालं की जुन्या वर्तमानपत्राची लांबट पिशवी करून वरून बांधली.

त्या संध्याकाळची गोष्ट

आता पाण्याविषयी. आमच्या भागात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. ज्यांच्याकडे टिपाडं जास्त, त्यांचं निभतं. आमच्याकडे दोन टिपाडं आणि एक टाकी असल्यामुळे आम्ही स्वतःला सुखी समजत होतो. अंगणात नळी लावून वाफे भिजवायचो. झाडं तरारून यायची, बघून डोळे निवायचे.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात नळाची पाळी आली आणि पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी असरनंतर आम्ही नेहमीप्रमाणे टिपाडाला नळी लावून भेंडीला पाणी देत होतो. मागच्या दारी शेजारच्या काकूंची मुलगी घागर घेऊन उभी. म्हणाली, “भाभी, आईने विचारलंय, प्यायला एक घागर मिळेल का? आमच्याकडे सकाळपासून नाही.”

तिची नजर वाफ्यात वाहणाऱ्या पाण्यावर होती. ती काही बोलली नाही. घागर भरून दिली, दुसरीही दिली. पण ती गेल्यावर आम्ही दोघी एकमेकींकडे बघू शकलो नाही. दिवसभर रोजा ठेवून तहान म्हणजे काय हे अनुभवत होतो, आणि भिंतीपलीकडच्या घरात सकाळपासून पाणी नाही हे आम्हाला माहीत नव्हतं. आमची भेंडी मात्र चिंब होती.

झाड लावणाऱ्याला सवाब आहे, त्याचं फळ माणूस, पाखरू किंवा जनावर खाईल तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बागेविषयी लिहिताना आम्हीही ते मोठ्या हौसेने सांगतो. पण शेजाऱ्याचा हक्क त्याच्याही आधी येतो. शेजाऱ्याची घागर रिकामी ठेवून वाढवलेल्या भेंडीत कसला सवाब?

त्या रात्री तरावीहनंतर घरात सगळे बसलो. अम्मी म्हणाल्या, “बाग बंद करो. मेंदी रहेगी, बाकी नक्को.” आणि मग थांबून म्हणाल्या, “मोगरा बी जाने दो.” मोगरा अब्बांनी त्यांच्यासाठी लावलेला. तो जाऊ द्या असं त्या स्वतः म्हणाल्यावर कुणाला काही बोलता येईना. शेवटी घरात एक नियम ठरला: नळाचं स्वच्छ पाणी फक्त माणसांसाठी, आपल्या आणि शेजारच्या. झाडांना एकदा वापरलेलंच पाणी मिळेल. त्यात जी जगतील ती जगतील.

वापरलेलं पाणी किती?

दुसऱ्या दिवशी आम्ही मोजायला बसलो. घरात आम्ही सहा मोठी माणसं आणि तीन मुलं. पुरुषांच्या काही वुजू मशिदीत होतात, तरी रमजानमध्ये घरात दिवसाला साधारण पंचवीस वुजू होतात. नळाची तोटी उघडी ठेवून केलेल्या एका वुजूचं पाणी खाली बादली ठेवून मोजलं तर जवळपास पाच लिटर भरलं! म्हणजे पंचवीस वुजूंना सव्वाशे लिटर, आणि ते सगळं मोरीतून गटारात.

मग माळ्यावरून अब्बांचा तोटीचा बधना काढला. बधन्याने सावकाश वुजू केली तर सव्वा लिटरमध्ये नीट होते. हदीसमध्ये तर प्रेषित (स.) एका ‘मुद्द’ पाण्यात वुजू करत असल्याचा उल्लेख आहे, आणि मुद्द म्हणजे आजच्या मापाने साधारण पाऊण लिटर. आम्ही अजून तिथवर पोहोचलो नाही. पण पाच लिटरवरून सव्वा लिटरवर आलो. पंचवीस वुजूंचं एकतीस लिटर, म्हणजे दोन बादल्या. रोजचं शंभराच्या आसपास लिटर स्वच्छ पाणी टिपाडात राहू लागलं आणि बागेसाठी दोन बादल्या वेगळ्या मिळू लागल्या.

यावर अम्मींची एक शंका होती, आणि ती रास्त होती. वुजूचं पाणी झाडाला घातलं तर बेअदबी होत नाही का? ते मातीत पडतं, त्यावर पाय पडतो. आम्ही मोहल्ल्याच्या मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारून घेतलं. ते म्हणाले, वुजूत वापरलेलं पाणी पाकच असतं, फक्त त्याने पुन्हा वुजू होत नाही. झाडाला घालायला काहीच हरकत नाही, उलट वाया जाण्यापेक्षा ते चांगलं. पाण्याची उधळपट्टी तर वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही करू नये, अशी शिकवण आहे. अम्मींनी ऐकून घेतलं. हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. दोन दिवसांनी फजरला उठलो तर मोरीपाशी पाट, पाटासमोर पसरट टब, आणि अम्मी बधन्याने वुजू करत होत्या. वुजू झाल्यावर त्यांनी टब स्वतः ओढत मोगऱ्याच्या आळ्याशी नेला.

तेव्हापासून घरात कुणी तोटी सोडून वुजू करू लागलं की धाकटा ओरडतो, “मोगऱ्याचं पाणी चाललं!”

इतर पाण्याचाही हिशेब सांगतो, कारण सगळंच वापरलेलं पाणी झाडाला चालत नाही. तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेलं पाणी उत्तम. वुजूचं पाणीही उत्तम, कारण त्यात साबण नसतो. कपडे धुतलेलं पावडरचं पाणी नको. त्यातल्या क्षारांनी आपली काळी माती चिकट आणि घट्ट होते. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणीही नको. स्वच्छ दिसलं तरी त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला किंवा संडासात वापरावं.

मडकं, भुसकट आणि आमची एक चूक

दोन बादल्यांत बाग जगवायची तर थेंबही फुकट जाता कामा नये. पाण्यासाठी माणसाने काय काय केलं आहे! छत्रपती संभाजीनगरला गेलात तर पाणचक्की बघा. त्या शहराला पाणी पुरवणारी नहर-ए-अंबरी मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधली. डोंगराकडचं जमिनीखालचं पाणी मातीच्या नळांतून आणि दगडी नहरांतून, कुठेही पंप न लावता, नुसत्या उतारावर शहरात आणलं. आमची करामत त्यापुढे पोराटोरांची, पण नातं तेच.

आम्ही दोडक्याच्या वेलांमध्ये मडकी पुरली. मातीचं भाजलेलं, आतून-बाहेरून रंग न दिलेलं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, पाण्याने भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. झाकण नसेल तर डास होतात. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपतं आणि मुळं तिकडे वळतात. माती कोरडी असेल तेव्हा ती पाणी ओढते, ओली झाली की झिरपणं आपोआप मंदावतं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या पुस्तकातही ही रीत सांगितलेली आहे.

आमची चूक अशी की पहिल्या खेपेला आम्ही माळ्यावरचा जुना माठ पुरला. काटकसर म्हणून! तीन दिवस झाले तरी त्यातलं पाणी उतरेना आणि शेजारचा काकडीचा वेल मान टाकू लागला. माठाचं पाणी गार होत नाही म्हणून तो माळ्यावर गेला होता, आणि गार होत नव्हतं कारण त्याची छिद्रं क्षारांनी बुजली होती. हे डोक्यात यायला तीन दिवस लागले आणि तोवर काकडी हातची गेली. मग कुंभाराकडून तीन लहान नवी मडकी आणली. पुरण्याआधी मडकं भरून सावलीत ठेवावं. तासा-दोन तासांत बाहेरून ओलसर झालं तरच पुरावं. आणि वुजूचं पाणी त्यात ओतताना फडक्यातून गाळून ओतावं.

दुसरं, आच्छादन. काळी माती ओली असताना लोण्यासारखी असते आणि वाळली की तडकते. भेगेत हात जाईल एवढी भेग पडते आणि आतला ओलावाही त्या वाटेने उडून जातो. एका नातेवाइकांच्या शेतातून सोयाबीनचं भुसकट दोन पोती आणलं आणि सगळ्या वाफ्यांत चार बोटं जाड पसरलं. आधी रोज पाणी द्यावं लागायचं, आता भेंडीला एक दिवसाआड झाडामागे लिटरभर पुरतं. भुसकटात वाळवी येऊ शकते, म्हणून खाली मूठ-मूठ निंबोळी पेंड टाकली आणि झाडाच्या खोडापासून भुसकट चार बोटं दूर ठेवलं.

आता जे हुकलं ते. काकडीचं सांगितलं. टोमॅटोला फुलं भरपूर आली पण मार्चच्या अखेरच्या उन्हात गळून गेली. टोमॅटो ऑक्टोबरला लावायला हवा होता, हौसेपायी उशीर केला. कोथिंबिरीला लगेच फुलं आली. ती उपटली नाही, आता तिचे धने भरताहेत. वांगी नियमाच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही स्वतः काढून टाकली. चार झाडं पाणी खूप पीत होती. उभं झाड काढताना जीव तुटला, पण नियम म्हणजे नियम. पुदिन्याची परात मोरीशेजारी आहे. तिला सांडलवंडच पुरते, आणि महिनाभर इफ्तारच्या चटणीला पुदिना विकत आणावा लागला नाही. सब्जाही पाकिटातलंच बी टाकून उगवलं होतं. त्याचा वास अंगणभर असतो.

पाडवा, चाँदरात आणि मोगरा

२०२५ मध्ये ३० मार्चला गुढीपाडवा होता, तो एकोणतिसावा रोजा. सकाळी शेजारच्या काकू स्वतः आल्या. दरवर्षी त्या आमच्या कडुलिंबाचा मोहोर आणि कोवळी पानं नेतात. या वेळी थोड्या अवघडून दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या पाण्यावर आमचे चार दिवस निघाले.” अम्मी म्हणाल्या, “पाणी आमचं कुठलं? वरच्याचं आहे.” काकूंनी आमच्या तिन्ही पोरांच्या गळ्यात साखरेच्या गाठी घातल्या. रोज्यात असलेल्या थोरलीने आपली गाठ इफ्तारपर्यंत गळ्यातच सांभाळली. जाताना काकूंची नजर मोरीपाशी ठेवलेल्या टबाकडे गेली. हे काय म्हणून विचारलं, आम्ही सांगितलं. आता त्यांच्याकडेही तांदूळ-भाज्यांचं पाणी बादलीत साठतं, आणि त्यांच्या तुळशीला आणि जास्वंदीला जातं.

त्याच संध्याकाळी चाँद दिसला. मेंदीच्या कुंपणाला पाणी जवळपास लागतच नाही. पाऊस गेला की ती वर्षभर आपल्या हिमतीवर उभी असते. पोरींनी परातभर पाला तोडला, चिंचेच्या कोळात पाट्यावर वाटला. कोनातल्या तयार मेंदीइतकी बारीक नक्षी त्याने येत नाही. तळहातावर एक मोठा ठिपका आणि बोटांना टोप्या. पण रंग असा चढला की आज पंधरा दिवसांनीही नखांवर आहे. काकूंची मुलगीही येऊन बसली होती.

आणि मोगरा. जानेवारीत त्याची छाटणी केली होती, पाणी तोडलं होतं, पानं झडली तेव्हा शेणखत घातलं होतं. ताण दिला की मोगरा कळ्या धरतो. पण नंतर पाण्याचं हे संकट आलं आणि ताण लांबणार अशी धास्ती वाटू लागली. अम्मींच्या टबाने तो वाचला. सत्ताविसाव्या रोज्याला पहिल्या कळ्या दिसल्या. ईदच्या सकाळी ओंजळभर फुलं निघाली. ईदगाहहून परतताना मुलं कब्रस्तानात गेली तेव्हा अम्मींनी रुमालात मोगरा आणि सब्ज्याच्या चार डहाळ्या बांधून दिल्या. अब्बांच्या हातचं झाड, अम्मींच्या वुजूचं पाणी. त्या काही बोलल्या नाहीत, आम्हीही काही विचारलं नाही.

पुढे नळाला पाणी आलं. टिपाडं भरली. पण नळी गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे ती तशीच आहे.

या महिन्यात काय करावं

आता कडक उन्हाळा. नवीन काही लावू नका, आहे ते सांभाळा. पाणी फजरनंतर लगेच किंवा ऊन पूर्ण उतरल्यावर द्या. दुपारी दिलेलं बरंच पाणी हवेत जातं. भेंडीवर हिरवी जाळी किंवा जुनी सुती ओढणी दुपारपुरती ताणा. भेंडी एक दिवसाआड तोडा, थांबलात तर ती निबर होते आणि झाड नवीन फळ धरत नाही. ‘परभणी क्रांती’ हे सरळ वाण आहे, संकरित नाही, त्यामुळे तिचं बी घरी धरता येतं. दोन निरोगी झाडांवरच्या चार-चार भेंड्या तशाच वाळू द्या, त्या तडकू लागल्या की बी काढून राखेत घोळवून बरणीत ठेवा. मात्र जवळपास दुसऱ्या जातीची भेंडी नसावी, नाहीतर भेसळ होते.

१८ मे हा कृषी विद्यापीठाचा स्थापना दिवस, आणि त्या सुमारास तिथे खरिपाचं बियाणं विक्रीला येतं. परभणी, पूर्णा, मानवत, जिंतूरकडच्या भगिनींना एक चक्कर मारायला हरकत नाही. गर्दी शेतकऱ्यांची असते, पण माहिती विचारणाऱ्याला कुणी परत पाठवत नाही.

सेलूच्या एका वाचक भगिनीने विचारलं आहे की अंगणच नाही, फक्त गच्ची आहे, तर काय लावावं? पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह, गच्चीवरच्या कुंड्यांविषयी आणि पावसाळ्याच्या पहिल्या पेरणीविषयी लिहू. तोवर एक काम करून पाहा. आज असरच्या वुजूला खाली बादली ठेवा आणि किती पाणी भरलं ते मोजा. आकडा आम्हाला कळवा. आमच्या पहिल्या दिवसाच्या पाच लिटरपेक्षा तो कमी असेल अशी दुआ करतो.